सातशे तेरा

आमच्या कॉलेजात सोमवार-बुधवार मुलांचे,
मंगळवार-गुरुवार आमचे.
खुर्च्या त्याच. बाकाखाली कधी
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं सापडतात,
म्हणून कळतं, काल इथे कुणीतरी
हाच धडा, हीच डोकेदुखी सोसली.

इंटरनेट गाळून येतं, चहासारखं.
मदतीचं एक पान उघडतच नाही,
कारण कोपऱ्यात कुणा बाईचा हसरा फोटो आहे.
फ्राडेल म्हणते, हसू नकोस, तूही अडकशील फिल्टरमध्ये.

मिसेस हेर्ट्झबर्ग विग सावरत शिकवतात:
ज्या वस्तूकडे आता कुणीच बोट दाखवत नाही
ती प्रोग्राम आपोआप उचलून टाकतो,
जागा मोकळी करतो.
मी वहीत उतरवून घेतलं, आणि बाजूला लिहिलं:
आमच्याकडे नाही.
आमच्याकडे फाटलेलं पान, पुसट ओळ,
लग्नपत्रिकेवर छापलेलं वचनसुद्धा
केरात जात नाही. गनिझाच्या पोत्यात जातं,
आणि पोतं भरलं की माणसासारखं मातीत.
कुणी वाचो न वाचो.

वडील सोफेर. पोथ्या लिहिणारे.
टर्कीच्या पिसाची लेखणी, वासराचं कातडं,
आणि अशी लिपी, जिला
काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही,
तरी एक अक्षर गळलं तर सगळं रद्द.
मागे जाऊन भरता येत नाही.
एकामागून एकच लिहायची, भावंडं जन्मतात तशी.
आणि देवाचं नाव तर खोडायचंच नाही.
मी दिवसातून दोनशे वेळा बॅकस्पेस दाबते.
ते बघतात. बोलत काही नाहीत.

शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प:
दारावरच्या मेझुझाचा चर्मपत्र स्कॅन करायचा,
अक्षरं मोजायची. सातशे तेरा.
ऐकून त्यांनी विचारलं, "मग डोळ्यांचं काय?"
एवढंच.
मोतीबिंदूचं ऑपरेशन सणानंतर ठरलं होतं.

चाचणीला घरचाच घेतला,
स्वयंपाकघराच्या चौकटीवरचा,
लग्नाच्या वर्षी त्यांनीच लिहिलेला.
एकतीस वर्षं येता-जाता
त्याला बोट लावून आम्ही ओठांना लावलं.
पेशीला तर उचलून धरावं लागायचं.
सात वर्षांतून दोनदा ते खाली काढत,
डोळ्यांत तेल घालून तपासत, परत लावत.

सातशे बारा.

पुन्हा चालवला. सातशे बारा.
चूक माझीच असणार. एकानं मोजणी चुकणं
आमच्या धंद्यात रोजचंच.
शून्यापासून मोजलं का? नाही.
उजेड तिरपा? कातड्याला सुरकुती?
जेरुसलेमची थंडी दगडातून पायांत चढत होती.
अडीच वाजेपर्यंत बग शोधला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
तो माझ्याच कोडमध्ये निघावा
म्हणून प्रार्थना केली.

मग भिंग घेतलं.
'तुझ्या घराच्या' असं जिथे लिहिलंय
तिथे युद नव्हता.
सगळ्यांत लहान अक्षर, स्वल्पविरामाएवढं.
दरवेळी त्यांचं मन ते स्वतःच भरून
पुढच्या ओळीवर गेलं होतं.

सकाळी सांगितलं. भिंग हातात दिलं.
ते बराच वेळ त्या 'घरा'कडे बघत राहिले.
"सिलिंडरवाला आला असणार," म्हणाले,
"तुझी आई घरी नव्हती."
मग पत्र स्वच्छ फडक्यात गुंडाळलं,
पोत्यात ठेवलं, टाकलं नाही.

कॉलेजला निघताना सवयीनं
माझं बोट चौकटीवर गेलं.
स्क्रूची दोन भोकं लागली.

मागे खण ओढल्याचा आवाज.
"ह्या अकरा," ते म्हणाले,
"रविवारी द्यायच्यात.
मोज."